सोमारीबाईंचे बोट

मित्रांनो, मी एक जुना बोटपारखी आहे. अंग आगपेटीएवढे, पोटात तांबडा दिवा, डोक्यावर काच. काचेवर ओळखीचे बोट टेकले की संगणक उघडायचा. परक्याने कितीही विनवले तरी मी ढिम्म. आता पोंभुर्ण्याजवळच्या एका मच्छिमार संस्थेच्या कपाटात पडून असतो.

२००५ साली नागपूरच्या एका इंजिनिअरने मला इथे आणून बसवले. या गावची रीत अशी, की हंगामाचे पहिले जाळे सर्वांत वयस्क बाईचा हात लागल्याशिवाय तलावात पडत नाही. मग माझी काच तरी कशी सुटेल? अध्यक्ष वारलूभाऊंनी सोमारीबाईंना पुढे केले. बाईंना दिसत नव्हते. त्यांनी चाचपत बोट टेकले. त्यानंतर साधनाने टेकले, कारण संगणक तीच चालवणार होती. इंजिनिअर बाईंची खूण नंतर पुसणार होता, पण झिंग्यांचा रस्सा समोर आला आणि साहेब ते साफ विसरले.

साधनाचे बोट हे माझे रोजचे सुख होते. तिच्या बोटावरच्या रेषा मला बांध्यांच्या धुऱ्यांसारख्या, म्हणजे भातखाचरांच्या बांधांसारख्या, दिसत. काम नसले की मी डुलक्या घेई. स्वप्नात तलाव येई, पाण्यावर वर्तुळे उठत, आणि प्रत्येक वर्तुळ कोणाच्या तरी बोटावरचे असे.

तिसऱ्या वर्षी साधना आठ दिवस चिखलात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करून कामावर आली. त्याच दिवशी संगणकातली सभासदांची यादी छापून एकच्या बसने चंद्रपूरला पाठवायची होती. ती पोचली नसती तर तलावाचा ठेका बाहेरच्याला मिळणार होता. साधनाने बोट टेकले. चिखलाने रेषा झिजून गेल्या होत्या. मी तिला ओळखले नाही. तिने बोट धुतले, पुसले, पुन्हा पुन्हा टेकले. नाहीच. परवलीच्या शब्दाचा कागद तर वाळवीने कधीच खाल्ला होता.

"भाऊ, हे मले ओळखूनच नाई राह्यलं," साधना रडवेली झाली.

"काऊन? रोजची तर तू," वारलूभाऊ म्हणाले, आणि एकदम थांबले. "थांब. पयलं बोट तर सोमारीबाईनं ठेवलं होतं."

बाईंना हाताला धरून आणले. "मले अक्षर येत नाई, डोळ्यानं दिसत नाई," त्या म्हणाल्या. "मी काय उघडू?"

डोळे गेल्यापासून त्यांचा ना रोवणा होता, ना जाळे विणणे. त्यांच्या बोटाच्या रेषा होत्या तशाच होत्या. बोट टेकले आणि मी क्षणात ओळखले.

"उघडलं का वो?" त्यांनी विचारले.

"उघडलं, बाई," साधना म्हणाली आणि त्यांचा हात धरून रडली. यादी बसमध्ये चढली. तलाव गावाकडेच राहिला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काच मऊ फडक्याने पुसत जा. पण त्याआधी कामाने झिजलेले हात ओळखायला शिका. साधनाचे बोट त्या दिवशी माझ्यावर सात वेळा टेकले होते, आणि सातही वेळा मी तिला परकी म्हणालो.