तिसऱ्या टप्प्याचे वळण

बुलेटचे पुढचे चाक फक्कीच्या पांढऱ्या रेषेशी आले, हँडल होते तेवढे वळले, आणि स्वाराचा डावा बूट गाळात टेकला. जयाने पुठ्ठ्यावर लावलेल्या कागदावर एक उभी रेघ ओढली. त्याने तोल सावरला, पुन्हा टेकला. जयाने दुसरी ओढली. मग गाडी त्या वळणातून कशीबशी सुटली आणि गुरगुरत पुढच्या निशाणांकडे गेली. मागे निळसर धुराचा एक पट्टा तरंगत राहिला. वारा असा नव्हताच, त्यामुळे तो पट्टा बराच वेळ तिथेच होता.

जाता जाता स्वार काहीतरी बोलला होता. शब्द कळले नाहीत, पण ते काय असणार हे जयाला ठाऊक होते. सकाळपासून सगळे बुलेटवाले तेच विचारत होते. एवढा सपाट तळ मोकळा पडला असताना वाट इथे काटकोनात कशाला वळवली?

ही शर्यत नव्हती. वेगाला इथे काही मोल नव्हते. काठ्यांना बांधलेल्या लाल-पांढऱ्या निशाणांमधून गाडी पाय न टेकता, तोलत, हवी तितकी हळू न्यायची. टेकला की एक गुण दंड. पुण्यातल्या हौशी लोकांच्या एका क्लबाने गेल्या उन्हाळ्यापासून ही चाचणी मुळशीच्या धरणात भरवायला सुरुवात केली होती. धरणात म्हणजे खरोखरच धरणात. मे महिन्यात पाणी उतरले की माले गावाच्या पुढे तळाचा एक मोठा पट्टा उघडा पडे, वाळून भेगाळलेला, राखाडी, चालताना पावलाखाली पापडासारखा मोडणारा.

क्लबाचे हैबतराव लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. महायुद्धाच्या वेळी त्यांच्या हाताखाली मेकॅनिक असलेला भिवाजी आता मालेत राहत होता. निशाणे, फक्की आणि नियम हैबतरावांनी आणून दिले. वाट आखणे, काठ्या रोवणे, पाणी भरणे हे सारे भिवाजीने आणि त्याच्या गावकऱ्यांनी हौसेने, काही न घेता केले. जया पुण्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती आणि हैबतरावांच्या मित्राची मुलगी. तिला मोटरसायकल चालवता येत नव्हती आणि ती कोणाच्या बाजूची नव्हती, म्हणून ती पंच. संध्याकाळी सगळ्यांसमोर काय चांगले झाले आणि काय चुकले ते तिने सांगायचे होते. ते ऐकून हैबतराव ठरवणार होते, पुढच्या वर्षी पुन्हा इथे यायचे की स्वार म्हणत होते तसे पुण्याजवळच्या दगडाच्या खाणीत जायचे.

ऊन चढले तशी दूरची पाण्याची कड सुटून हवेत तरंगू लागली. मृगजळ कसे होते ते जयाला माहीत होते, तरी ती पाहत राहिली. त्या चकाकीत पलीकडच्या टप्प्यावरची गाडी जमिनीला न टेकता चालल्यासारखी दिसे. आधी धुराचा झुबका उठे आणि मग जरा वेळाने आवाज येई, जणू तो दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचा होता.

दोन स्वारांच्या मध्ये तिला मोकळा वेळ मिळे. त्या वेळात एक गोष्ट तिच्या लक्षात आली. बघायला आलेल्या लोकांसाठी भिवाजीने दोरी बांधली होती, डहाळ्यांचा छोटा मांडवही घातला होता. मांडवात कोणीच नव्हते. माणसे उन्हात, तळावर विखरून बसली होती. चार इथे, सहा तिथे, काठ्यांवर घोंगडे टाकून. काहींच्या तर गाड्यांकडे पाठी होत्या. तीन-चार ठिकाणी चुली पेटल्या होत्या आणि धूर सरळ वर जात होता. प्रेक्षकांना धड बसवलेले नाही, असे तिने संध्याकाळसाठी मनात धरून ठेवले.

वळणाच्या आतल्या अंगाचे एक निशाण कलले होते. ते सरळ करायला ती निघाली. वाटेत एक म्हातारी दोन सुनांसह बसली होती. त्यांच्या बाजूने जया पुढे झाली तोच म्हातारी म्हणाली,

"पोरी, भिंतीतनं काय चाललीस? दारानं ये की."

सुना हसल्या. जयाही हसली, पण तिचा उचललेला पाय होता तिथेच राहिला. पुढे गाळाच्या भेगांखेरीज काही नव्हते. म्हातारीने हातातल्या उलथन्याने बाजूला दाखवले. तिथे जमिनीच्या पातळीत दोन काळे दगड दिसत होते, मध्ये माणूस जाईल एवढी फट. जया वळसा घालून गेली आणि त्या फटीतून आत आली.

"हां. बस आता पडवीत," म्हातारी म्हणाली आणि तांब्या पुढे केला.

तिचे नाव चंद्राबाई. रिहे गावाहून पहाटे बैलगाडीने आली होती. ऊन लागेल, मांडवात बसा, असे जयाने सुचवले तेव्हा ती म्हणाली, की आपले घर सोडून लोकांच्या दारात कशाला बसायचे.

पाणी पिता पिता जयाने मान वर केली आणि त्या जागेवरून सगळा तळ पाहिला. मग तांब्या खाली ठेवायचे ती विसरली.

कागदाखालचा चुंबक दिसत नाही. वर लोखंडाचा कीस भुरभुरवायचा, कागदाला एक टिचकी मारायची, की कण आपापल्या जागी जाऊन बसतात आणि खाली जे असते ते वर उमटते. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हे दर जूनमध्ये दाखवत असे. आता समोर तेच होते. माणसांचे घोळके विखुरलेले नव्हते, ओळीत होते. दोन ओळींमध्ये अंतर होते आणि त्या अंतरातून भिवाजीची फक्की जात होती. ती कोणाच्याही अंगावरून जात नव्हती. जिथे माणसे काटकोनात बसली होती तिथे तीही काटकोनात वळत होती.

दुपारनंतर पुसट झालेल्या रेषेवर फक्की टाकायला भिवाजी आला. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, खाकी शर्टावर धोतर. जयाने त्याला विचारले, ही आळी का.

भिवाजीने डबा खाली ठेवला. आधी तिच्याकडे पाहिले, मग चंद्राबाईकडे.

"व्हय. सुताराची," तो म्हणाला. "म्होरं चावडी. तितनं देवळाकडं जायाचं. फटफट्या कुनाच्या घरातनं कशा न्यायच्या, बाई?"

मग तो बसून हळूहळू बोलत राहिला. धरणाचे पाणी गावात आले तेव्हा तो मिसरूड फुटायच्या वयाचा होता. माणसे पांगली, कोणी रिह्याला, कोणी पिरंगुटाकडे, कोणी कुठे. पाणी तर बहुतेक उन्हाळ्यांत उतरते, पण कोणी येत नसे.

"नुसतं बघाया कोन येतं? यायचं, रडायचं आन् जायाचं. फटफट्या हायेत म्हनल्यावर सुना येत्यात, नातवंडं येत्यात. भाकरी खात्यात. हसत्यात बी."

हैबतरावांना हे ठाऊक आहे का, असे जयाने विचारले. नाही, तो म्हणाला. त्यांना त्यांचा खेळ हवा, तो त्यांना नीट मिळाला पाहिजे. त्यात हे कशाला आणायचे.

जयाने हातातल्या कागदाकडे पाहिले. हलक्या जावा गाड्यांच्या पुढे रेघा थोड्या होत्या, बुलेटांच्या पुढे दाट. सकाळी तिला वाटले होते की हा स्वारांच्या हाताचा फरक असेल. आता तिने एक काटकी घेतली आणि गाळावर वळण काढले, त्यात लांब गाडीचे हँडल पुरते वळल्यावर चाक ज्या कमानीतून जाईल ती कमान काढली. कमान फक्कीच्या बाहेर गेली. तिने पुन्हा काढली, पुन्हा बाहेर गेली. कितीही चांगला स्वार असला तरी बुलेटवर त्याचा पाय टेकणारच होता. ज्या परीक्षेचा निकाल गाडीच्या लांबीवर ठरतो ती हाताची परीक्षा नव्हे. आळी कोणाचीही असली तरी यात फरक पडत नव्हता.

भिवाजीने ती आकृती बघितली. कमान कुठून कुठे जाते ते त्याने बोटाने गिरवले.

"संध्याकाळी मी काय बोलू?" जयाने विचारले.

"खरं बोला," तो म्हणाला. "गोड बोलून गेलेली मान्सं परत आलेली मी तरी न्हाई बघितली."

उन्हे कलली तेव्हा शेवटची गाडी येऊन गेली होती. स्वार हेल्मेटे काढून वळणापाशीच गोळा झाले, गावकरी एका बाजूला उभे राहिले. हैबतराव आपल्या बुलेटला टेकून उभे होते. त्यांनी जयाला खूण केली.

ती आधी चांगले बोलली, कारण ते खरे होते. निशाणांचे डावे-उजवे प्रत्येक स्वाराला नीट कळले होते. टप्प्यांवर उभ्या असलेल्या गावच्या पंचांनी कोणाला सूट दिली नव्हती, पुण्याच्या पाहुण्यांनासुद्धा नाही. मग चुका. चौथ्या टप्प्यावरचा पंच स्वाराच्या नजरेसमोर उभा राहत होता, त्याने मागे राहावे. हलक्या गाड्या सगळ्या आधी सोडल्यामुळे मागून येणाऱ्यांना उकरलेला गाळ मिळाला, त्या मिसळून सोडाव्यात. गावकरी मान हलवून ऐकत होते. मग ती वळणाकडे आली. बुलेटवाल्यांची तक्रार बरोबर आहे, असे तिने सांगितले, आणि का ते काटकीने पुन्हा काढून दाखवले.

बुलेटवाल्यांत चुळबुळ झाली. मोकळ्या मैदानात वळण हवेच कशाला, सरळ करून टाका, असे एकाने सुचवले. दुसऱ्याने खाणीची आठवण काढली. हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. भिवाजी जमिनीकडे पाहत होता.

"सरळ नको," जया म्हणाली. "आजच्या सगळ्या वाटेत हाताची खरी परीक्षा बघणारी जागा हीच आहे, काका. ती फक्त अरुंद आहे. आतल्या अंगाला दीड हात सरकवली की झालं."

"दीड हात? एवढंच ना?" हैबतराव म्हणाले. "भिवाजी, आत्ताच सरकव. मी माझी बुलेट नेऊन बघतो. पाय न टेकता निघाली तर पुढच्या सालीही इथंच. टेकला तर खाण."

भिवाजी फक्कीचा डबा घेऊन रेषेपाशी गेला. खाली बसला. मुठीत फक्की घेतली आणि तसाच बसून राहिला. पुण्याच्या मंडळींना वाटले, तो माप घेतो आहे. गावकरी सगळे वळणाच्या आतल्या कोपऱ्याकडे पाहत होते. तिथे चंद्राबाई अजून बसलेली होती, पाय पसरून.

जया निघाली. दोन दगडांमधल्या फटीतून आत गेली आणि म्हातारीसमोर उकिडवी बसली.

"आजी, या बाजूनं दीड हात जागा लागेल."

चंद्राबाईने रेषेकडे पाहिले. मग स्वतःच्या बाजूच्या जमिनीकडे.

"मंजी पडवी जाती."

"हो."

"आन् ओटी?"

"ओटीला धक्का लागत नाही. मी मोजलंय."

म्हातारीने शेजारचा गाळ तळहाताने सारखा केला. इथे सासूबाईंचे जाते होते, असे ती सुनेला म्हणाली, आणि सुनेने, माहीत असल्यासारखे, हूं केले.

"त्या येळंला कुनी असं म्होरं बसून इचारलं न्हवतं," चंद्राबाई जयाला म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. आज ऊन फार होते असे म्हणावे तसे ती म्हणाली. मग मान वळवून तिने भिवाजीला हाक दिली.

"टाक रं. वाईच जास्तीच घे. सुभेदाराची गाडी म्होटी हाय."

सुनांनी गाठोडे आणि तवा आत ओढला. भिवाजीने जुनी रेघ पायाने पुसली नाही, तिच्यावर नुसता कोरडा गाळ पसरला. मग त्याने कोपरापासून बोटांपर्यंत हात जमिनीवर ठेवून माप घेतले आणि वाकून, सावकाश, नवी रेघ टाकत नेली.

हैबतरावांनी किक मारली. इंजिनाचे ठोके तळावर पसरले आणि डोंगराला लागून परत आले. गाडी अगदी हळू आली, जवळजवळ उभ्यासारखी. जयाची नजर त्यांच्या बुटांवर होती. हँडल पुरते वळले, चाक नव्या रेघेच्या कडेकडेने, तिला न शिवता सरकू लागले. चंद्राबाईने पसरलेले पाय जवळ ओढून घेतले, दारावरून कोणी जात असले की घेतात तसे, आणि पदर सारखा केला. बुलेट तिच्या समोरून गेली.

धूर जागच्या जागी राहिला. त्याच्या पलीकडे गाडी थांबली की नाही ते म्हातारीला दिसत नसावे.

"पाय टेकला का गं?" तिने विचारले.

"नाही, आजी."

"मग ऱ्हाऊ दे रेघ तशीच," चंद्राबाई म्हणाली आणि चुलीत उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी शिंपडू लागली.