पाच रुपये नव्वद पैसे

खुशालनं बँकेच्या काउंटरवरून वाकून कारकून प्रफुलची कॉलर धरली आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरच्या कडेवर आपटलं. स्लिपवर रक्त सांडलं. रांगेतल्या बायका मागं सरल्या. गार्ड धावला, पण त्याच्याआधी सोनीबाईनं खुशालचा दंड धरून ओढला.

भांडण पाच रुपये नव्वद पैशांचं होतं.

खुशाल मुकादम. सावली तालुक्यातली माणसं तो दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला नेतो. यंदा त्यानं तिथल्या मालकाकडून मजुरीपोटी चाळीस हजार आगाऊ उचल घेतली. मालकाच्या माणसानं टोळीतल्या दोघींना पट्ट्यानं झोडपलं आणि सगळी टोळी पळून आली. मागं मालकाच्या हाती सापडला खुशालचाच मुलगा, अश्विन. सकाळी आलेल्या व्हिडिओत पोराचा एक डोळा सुजून मिटला होता. तीनच्या आत उचलीची पूर्ण रक्कम माझ्या खात्यात टाक, एक रुपया कमी आला तर पोराला बघून घेतो, असा निरोप होता. नंतर गावातलं मोबाईलचं नेट गेलं. फोनवरून पैसे पाठवायची वाट बंद झाली, बँकेची लाइन तेवढी चालू होती.

प्रफुलनं रुमाल नाकाला लावला. माणूस भला, नाहीतर त्यानं तिथंच पोलीस बोलावले असते. खुशालनं दाखवलेला व्हिडिओ त्यानंही पाहिला होता.

"काऊन कापता तुमी?" खुशाल धापा टाकत म्हणाला. "एक बटन दाबाचे पैसे?"

प्रफुलनं समजावून सांगितलं. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे न्यायला यंत्रणा लागते, ती राखायला माणसं लागतात, रक्कम भलतीकडं गेली तर शोधून आणावी लागते. पाच रुपये त्याचे, नव्वद पैसे सरकारचा कर. खात्यात बरोबर चाळीस हजार आहेत, दहा रुपये आणखी भरा, म्हणजे सगळे जातील.

दहाची नोट खुशालच्या खिशात होती. पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती काही दहा रुपयांसाठी नव्हे. कापायचं काम आजवर त्याचं. मजुरी वाटताना तो माणसामागं शंभर रुपये काढून घेई, आणि एकानंही कधी का म्हणून विचारलं नव्हतं. आता हा कालचा बाबू त्याच्याकडं वरून मागत होता.

"वरून एक पैसा देणार नाई," तो म्हणाला. "आतूनच काप. आमच्यात आतूनच कापतेत."

"भाऊ, पोराचा सवाल हाय," सोनीबाई म्हणाली. ती त्याच्याच टोळीतली, पट्टा खाऊन आलेली. "दे ना दहा रुपये."

"तू चूप राय."

प्रफुलनं दोनदा विचारलं. मग चाळीस हजारांतून पाच रुपये नव्वद पैसे वजा करून उरलेली रक्कम पाठवली. खुशाल बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि त्यानं बिडी पेटवली. बाबूला नमवलं म्हणून त्याला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

अर्ध्या तासानं फोन आला. मालकाचा माणूस तोडक्या हिंदीत, आवाज न चढवता बोलला. सहा रुपये कमी आहेत, मालकाला वाटतंय मुकादम चेष्टा करतो. खुशाल बँकेचं सांगू लागला. तिकडं पट्ट्याचा आवाज झाला आणि अश्विन ओरडला. पुन्हा पट्टा. सहा रुपये येईपर्यंत हे चालेल, फोन ठेवू नको, असं सांगून तो माणूस बाजूला झाला.

खुशाल रांग मोडून आत शिरला. त्यानं दहाची नोट काउंटरवर ठेवली, फोन तिच्याशेजारी पडला.

"सहा रुपये पाठवाचे हाय, सायेब."

प्रफुलनं खाली मान घालून सांगितलं, सहा रुपयांनाही दोन रुपये पंच्याण्णव पैसे लागतील. आणि पोचायला परत अर्धा तास.

फोनमधला आवाज आता सगळ्या रांगेला ऐकू येत होता.

"घ्या," खुशाल म्हणाला. "वरून लागन तेवढे घ्या."

प्रफुलनं स्लिप पुढं सरकवली. खुशालला सही जमेना, तेव्हा सोनीबाईनं त्याचा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला.