हेमावतीच्या मनगटावरचे छप्पन्न दिवस

मी प्लास्टर बोलतोय. मद्रासेत मोडकं हाड जोडावं तर मीच. म्हणजे हाड आपलं आपणच जुळतं, मी नुसता वर बसून असतो. पण बसायलाही कसब लागतं.

शाळेत मी गेलो नाही. लोकांनी अंगावर खरडलं तेवढंच माझं शिक्षण: दोन तमिळ नावं, आणि शेजारच्या अंबुजामामींनी वेळ जाईना म्हणून काढलेलं एक कोलम, म्हणजे तिकडची ठिपक्यांची रांगोळी.

हेमावती चोवीस वर्षांची. नवव्या वर्षापासून तिला साखरेचा आजार, इन्सुलिन रोज स्वतःच टोचून घेते. एप्रिलात ओल्या पायरीवरून जराशी घसरली, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. मद्रासच्या पार उत्तर टोकाला, एन्नोरच्या शाळेत तिला शिक्षिकेची नोकरी लागली होती, राहायचंही तिथंच. दहा जूनला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला.

डाव्या हातानं तिला सिरिंज भरता येईना, म्हणून पाळी आली तिच्या अप्पांवर. हे एकोजीराव कचेरीत पन्नास माणसांवर ओरडतात, पण सुई पाहिली की त्यांना घाम फुटतो. पहिले तीन दिवस नर्स येऊन टोचून गेली, तेवढ्यात यांनी वांग्यावर सराव केला. चौथ्या दिवशी डोळे मिटून टोचलं, ते मला. सुई वाकली. मला गुदगुल्या झाल्या.

मीही काही साधा नाही. ती वाचायला बसली की नेमकी मी खाज सोडायचो. मग ती मला थापटायची आणि तमिळमधून शिव्या द्यायची. मराठीतल्या तिला पुरत नव्हत्या.

बेचाळिसाव्या दिवशी एक्स-रे काढला. हाड जुळलेलं नव्हतं.

"अजून दोन आठवडे," डॉक्टर सीतालक्ष्मी म्हणाल्या. "लहानपणापासून साखर असली की हाडं कच्ची राहतात, जुळायलाही वेळ लावतात. दूध किती घेते?"

"थेंबभर नाही," एकोजीराव ऐटीत म्हणाले. "पंधरा वर्षं बंद. गोड असतं ना."

"सर, तुम्ही साखर बंद केलीत की पोरीची हाडं?"

डॉक्टरांनी मापानं दूध, नाचणी, ऊन आणि रोजचं चालणं लिहून दिलं. एकोजीरावांनी घरी दूध सुरू केलं. दोन चमचे. आणि ती पिईपर्यंत समोर उभे, जणू विषच पाजतायत.

छप्पन्नाव्या दिवशी मला करवत लागली. हाड जुळलं होतं. मी दोन तुकडे होऊन टेबलावर पडलोय. माझी एवढीच विनंती आहे, मला कपाटावर ठेवा, आल्यागेल्याला दाखवा. पण माझ्याकडे बघायला वेळ कुणाला?

"एन्नोरला एकटी राहणार?" एकोजीराव म्हणाले. "पुन्हा मोडलं तर?"

हेमावतीनं बोटं उघडून-मिटून पाहिली.

"मोडलं तर तिथंही प्लास्टर मिळतं, अप्पा. दूध चमच्यानं मोजणारं मात्र तिथं कुणी नाही."