ईदचा काळा रंग

मी निळा डबा बोलतोय. आइस्क्रीमचा नाही, लसीचा. येमेनच्या डोंगरांत पोरं मला बघून आधी आइस्क्रीमच मागायची, म्हणून सांगून टाकलं.

माझा जन्म कारखान्यातला. आतबाहेर प्लास्टिक आणि मध्ये फोम, एवढीच माझी इस्टेट. पोटात बर्फाच्या पट्ट्या आणि पोलिओच्या बाटल्या घ्यायच्या आणि बाहेर ऊन कितीही तापलं तरी आपण तापायचं नाही, हे माझं काम. माणसांना ते जमत नाही, असं माझं जुनं मत आहे.

मला खांद्याला अडकवून इश्राक हिंडायची. लस देणारी बाई, त्याच डोंगरातली. गाढववाटेने चढायचं, दार ठोठावायचं, पोराच्या तोंडात थेंब टाकायचे आणि डाव्या हाताच्या करंगळीवर काळ्या शाईची खूण करायची. खूण आधीच दिसली, तर पुढचं दार.

त्या वर्षी खालच्या गावात एक मूल पोलिओने पायांनी अधू झालं. मोहीम घाईघाईने निघाली, ती नेमकी ईदच्या पाठोपाठ. ईदला आमच्याकडे पोरींच्या तळहातांवर मेहंदी आणि बोटांच्या टोकांना काळा रंग. जिकडेतिकडे काळ्या करंगळ्या! खूण ओळखायची कशी? मोहीम ठरवणाऱ्यांच्या डोक्यातच हे आलं नाही.

हज करून आलेल्या हज्जा मसऊदाच्या घरी तेच झालं. मुलगा सौदीत कामाला, त्यामुळे घरात हिचाच कारभार. तिने कॉफीच्या टरफलांचा गरम किश्र इश्राकला दिला, तोही माझ्या झाकणावर ठेवून, आणि नातीचा हात पुढे केला.

"हे बघ, शैमाला कालच देऊन गेल्या तुमच्यातल्याच कोणी. पी आणि जा."

इश्राकने पाहिलं. करंगळी काळी होती. तिने पेला रिकामा केला आणि माझा पट्टा उचलला.

"अम्मा, तो ईदचा रंग आहे," दाराआडून सून लमिया म्हणाली. सासूपुढे तोंड उघडायला तिला केवढं बळ लागलं असेल, ते तिच्या आवाजातच कळलं.

मसऊदा भडकली. "असेल! मग? पोरगी टुणटुणीत आहे माझी. पाणी मागा, कुणी देत नाही. पीठ मागा, रांगेत उभे राहा. आणि थेंब तेवढे घरपोच, फुकट! काहीतरी काळंबेरं असणारच. लोक म्हणतात, यानं पुढे मुलं होत नाहीत."

"पाण्याचं खरंय, खाला," इश्राक म्हणाली. "मीही डोक्यावरूनच आणते, मलाही राग येतो. पण मुलांचं खोटं आहे. माझ्या आईने मला हेच थेंब पाजले होते. आणि माझी कार्टी गावभर काय उच्छाद मांडतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

"मग पुन्हा पुन्हा कशाला? मागच्या खेपेला दिलेलं औषध खोटं होतं का?"

दाराशी लांडग्याचं वाळलेलं कातडं टांगलेलं होतं. खाली कुत्र्याचं पिल्लू लोळत होतं. इश्राकने कातड्याकडे बोट दाखवलं. "हे कशाला ठेवलंय?"

"पिल्लाला हुंगवायला. वास ओळखीचा झाला, की खऱ्या लांडग्यापुढे शेळ्या सोडून पळत नाही."

"एकदा हुंगवून भागतं?"

"छे! विसरतं मेलं. पुन्हा पुन्हा..."

"थेंबातही लांडगाच आहे, खाला. दात पाडलेला. अंगाला त्याची ओळख पटवायची, एवढंच."

"आणि तोच चावला तर?"

"लाखो पोरांत एखाद्याला अपाय होतो. तुमच्याशी खोटं नाही बोलणार. पण खालच्या गावात जो आलाय, त्याला सगळे दात आहेत."

मसऊदाने नातीला मांडीवर घेतलं आणि स्वतःच तिची हनुवटी वर केली.

"टाक. पण हिला काही झालं, तर तुझ्या दारात येऊन बसेन."

"या. किश्र पाजीन."

माझं झाकण उघडलं. थेंब पडले, शैमाने तोंड वेडंवाकडं केलं. आता खूण कुठे करायची? हाताची बोटं तर सगळीच काळी.

"पायावर कर," मसऊदा म्हणाली. नियमात ते बसत नव्हतं. इश्राक हसली आणि डाव्या पायाच्या करंगळीवर तिने शाई लावली.

पुढे माझी कडी तुटली. झाकण बसेना, आत थंडावा टिकेना. तेव्हा मसऊदाने मला मागून घेतलं. आता माझ्या पोटात भाकऱ्या असतात. बर्फाची सवय असलेल्याला ही ऊब जरा विचित्रच वाटते, पण तक्रार नाही. जाता जाता एक मागणं आहे. शंका आली तर विचारा, भांडा, खुशाल झाकणावर पेला आपटा. रंगवलेली करंगळी दाखवून दार मात्र लावू नका.

संध्याकाळी शैमा माझ्यावर बसते आणि माझ्या अंगावर टाचा आपटत राहते.

"अगं, फुटेल तो!" मसऊदा आतून ओरडते.

फुटू दे. दोन्ही टाचा सारख्याच जोरात लागतात.