एकावन्नाव्या पानावरचा टाका

भीती मला आवडते, पण पुस्तकातली. दुपारची भांडी आवरली, दार लोटलं, खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलं, की मग कुणी कुणाचा खून करो, माझी हरकत नसते. प्रेमकथाही मी सोडत नाही. एका चिठ्ठीने मिटलं असतं असं भांडण ती मुलगी अडीचशे पानं धरून बसते, आणि मी तिला शिव्या घालत शेवटपर्यंत जाते. ऐतिहासिक कादंबरीत माझं लक्ष आधी राणीच्या कपड्यांकडे. एवढा घोळ सांभाळत घोड्यावर चढून दाखव म्हणावं त्या लेखकाला!

चाळीस वर्षं मी शिवणकाम केलं. गिऱ्हाइकाचं माप कधी लिहून ठेवलं नाही. एकदा टेप लावली की छाती, कंबर, बाही सगळं डोक्यात. दहा वर्षांनी बाई आली तरी "दोन इंच वाढलीस गं" असं तोंडावर सांगायचे. त्या डोक्याचा मला फार गर्व आहे.

वाचलेलं पुस्तक ओळखायची माझी खूणही शिवणाचीच. वाचनालयातली पुस्तकं सगळी खाकी कागदाच्या कव्हरात, बाहेरून एकसारखी. पूर्वी मी पेन्सिलीने फुली मारायचे, पण वाचनालयवाली बाई खेकसली. तेव्हापासून पुस्तक संपलं की एकावन्नाव्या पानाच्या कोपऱ्यात सुईने एकच टाका घालते. नवं पुस्तक हातात आलं की आधी ते पान बघायचं. टाका दिसला, तर पुस्तक परत.

परवा सुनेने एक रहस्यकथा आणून दिली. पुस्तकं आणायची-पोचवायची तीच, कचेरीतून येताना. मी एकावन्नावं पान पाहिलं, टाका नव्हता. वाचायला लागले. डोंगरावरचं हॉटेल, सात पाहुणे, त्यातला एक मेलेला. काय गोष्ट होती! माझा संशय स्वयंपाकिणीवर. आज दुपारी शेवटची वीस पानं उरली, तेव्हा चहाला उठले आणि उठता उठता पुस्तक हातातून पडलं. उचलताना नेमकं ते पान उजेडासमोर आलं.

कोपऱ्यात भोकं होती. सुईची. दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येक जोडीत अर्ध्या बोटाचं अंतर. माझ्या टाक्याचं अंतर मला कळणार नाही? मी मोजल्या. तीन जोड्या.

मी परत खुर्चीत बसले आणि आधीची पानं चाळली. हॉटेल, पाहुणे, स्वयंपाकीण. यातलं काहीच, पण काहीच मला जुनं वाटेना.

माझी थोरली बहीण अशीच गेली. आधी तेच ते विचारायची, आम्ही हसायचो. मग एकदा स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभी राहून मला म्हणाली, "तुमचं घर छान आहे हो, पण आता मला घरी सोडा." तिने मला 'अहो' म्हटलेलं मी आजतागायत विसरले नाही. म्हणजे, विसरले नाही असं मला वाटतं. आता कशाची खात्री द्यायची?

मी भराभर मापं आठवायला लागले. समोरच्या मास्तरीण बाई, छाती छत्तीस, बाही नऊ. डॉक्टरीण बाई, चाळीस, बाही... बाही? मग मनात आलं, भोकं माझी असतील, पण दोरे गेले कुठे? दोरा आपोआप निघत नाही. कुणीतरी तो काढलाय. म्हणजे कुणीतरी माझी थट्टा करतंय! खरं सांगते, त्या विचाराने मला बरंच वाटलं. वैरी असलेला परवडला.

इतकी वर्षं रहस्यकथा वाचल्यात, त्या काय फुकट? मी सुईत लाल दोरा ओवला आणि शेवटची वीस पानं न वाचताच टाका घातला. संध्याकाळी सून आली तेव्हा म्हटलं, "झालं गं पुस्तक. उद्या देऊन टाक." आणि पांघरूण घेऊन कॉटवर पडले, डोळे किलकिले ठेवून.

सुनेने हातपाय धुतले. मग पुस्तक घेऊन ती खिडकीशी बसली, माझ्या शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री काढली, आणि एकावन्नावं पान न शोधता उघडलं. सराईतासारखं.

"सापडलीस," मी उठून बसले.

ती दचकली नाही. कात्री खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले बघून माझा वैरी गेला आणि भीती परत आली.

"किती वेळा वाचलंय मी हे?"

"ही चौथी वेळ, आई."

"आणि टाके तू उसवतेस? का?"

"पहिल्यांदा तुम्हाला टाका दिसला, आणि पुस्तकातलं काहीच आठवेना, तेव्हा दोन दिवस तुम्ही जेवला नाहीत. पुस्तकं बंद केलीत. नुसत्या भिंतीकडे बघत बसायचात. मला ते बघवेना." तिने नाक पुसलं. "टाका नसला की तुम्ही मजेत वाचता. स्वयंपाकिणीवर संशय घेता."

"मग मला सांगायचंस तरी! माझ्यापासून लपवलंस?"

ती उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात हातात घेतला.

"सांगितलं होतं, आई. मागच्या खेपेलाही तुम्ही मला असंच पकडलंत. याच कॉटवर बसून आपण हेच बोललो."

मला भीती वाटली. पुस्तकातली नाही. अंगावरचं पांघरूण दोन्ही हातांनी घट्ट धरावं आणि सोडूच नये, असं झालं. खिडकीत पुस्तक तसंच उघडं पडलं होतं, लाल दोरा अर्धा निघालेला.

"मग," मी विचारलं, "मागच्या खेपेला शेवटी मी काय म्हणाले?"

"म्हणालात, वीस पानं राहिलीत. खुनी कोण ते मात्र सांगू नकोस."

मी तोंड उघडलं होतं ते नेमकं हेच सांगायला. ते मिटलं, आणि पुस्तकासाठी हात पुढे केला.