एकेचाळीस बिननंबरी शेतं

त्या साली कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. माजलगावच्या धरणानं तळ दाखवला होता. उसाला पाणी नाही, म्हणून कारखान्याला ऊस नाही. वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर शेळ्या येऊन बसायच्या. वारा फिरला की ऊस टाकायच्या गव्हाणीवरचा एक सुटलेला पत्रा हळूच वाजायचा आणि पुन्हा गप्प व्हायचा. त्या एवढ्या मोठ्या आवारात कॉम्प्युटर विभाग तेवढा जागा होता. तिथं सहा सर्व्हर अखंड गुणगुणायचे आणि दोन एसी त्यांना थंडावा द्यायचे.

धर्मराज या विभागाचा प्रमुख. एकवीस वर्षं त्यानं ती गुणगुण ऐकली होती. दुपारी काचेपलीकडचं पिवळं ऊन पाण्यासारखं हलायचं, आणि बघता बघता आपण जागे आहोत की झोपलो आहोत, हेच त्याला कळेनासं व्हायचं.

मार्चमध्ये कार्यकारी संचालक सुंदररावांनी त्याला बोलावलं.

"धर्मराज, गाळप बंद हाय, अन् तुमच्या खोलीतला मीटर तेवढा पळतोय. कावून ते मला सांगा."

धर्मराजला राग आला नाही. हे उत्तर तो कित्येक दिवस मनात घोळवत होता.

"सायेब, शेतकीचा प्रोग्राम येगळा, काट्याचा येगळा, पगाराचा, भांडाराचा येगळा. ज्याची त्याची मशीन, ज्याचा त्याचा दुरुस्तीचा करार. एकाच शेतकऱ्याचं नाव आपण चार ठिकाणी टाइप करतो. समदं एका सॉफ्टवेअरमधी घेऊ. सहाचं काम एकच नवा सर्व्हर करंल. एसीची बी गरज न्हाई."

"अन् माणसं?"

धर्मराजनं बोटांवर मोजलं. "दोघं काट्यावर जातील, एक शेतकीत. मी एकटा पुरंल."

संचालक मंडळानं ठराव केला. महिन्याभरात पुण्याच्या कंपनीनं नवा सर्व्हर पाठवला. जेमतेम गव्हाच्या डब्याएवढा. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि काहीच बोलला नाही.

मग माहिती हलवायचं काम सुरू झालं. पडद्यावरून नावं वर सरकत राहायची. गावं, शेतं, लागणीच्या तारखा. बाहेर हिरवं पान दिसत नव्हतं आणि आत हजारो एकर ऊस हिरव्या अक्षरांत उभा होता. वाचता वाचता धर्मराजला उसाची सळसळ ऐकू यायची. तो मान वर करायचा, तर एसीचा वारा.

शेवटी एकेचाळीस शेतं अडली. कंपनीतल्या मुलीनं फोनवर सांगितलं, "सर, यांना गट नंबर नाहीत. सिस्टीम घेणार नाही. एकेचाळीसच आहेत, वगळून टाका ना."

धर्मराजनं यादी पाहिली. गट नंबराच्या जागी कुणी कधीकाळी लिहून ठेवलं होतं: 'बाभळीखालचा', 'पाण्याच्या कडंचा', 'मारुतीच्या पाठीमागचा'. वगळलं की या लोकांच्या उसाची नोंद जाणार, आणि नोंद नसली की तोडीला टोळी येत नाही. ऊस उभा वाळतो.

"गट नंबराऐवजी दुसरं काही घेतं का ते?" त्यानं विचारलं.

"लोकेशन घेतं. पण त्यासाठी प्रत्येक शेतात जाऊन, फोन हातात धरून उभं राहावं लागेल, सर."

"राहीन की," धर्मराज म्हणाला.

शेतकी विभागातून निवृत्त झालेले रामकिसन नाना त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले. ही सगळी नावं त्यांच्याच हातची होती. कारखान्यापासून बरंच लांब गेल्यावर त्यांनी धर्मराजच्या खांद्यावर थाप मारली.

"धर्मा, रस्ता सोड. खाली उतर."

"खाली तर धरण हाय, नाना."

"मंग? तिथंच तर हायेत शेतं. ही जमीन सरकारनं धरणात घेतली, म्हणून नंबर न्हाई. पाणी उतरलं की लोक गाळात पेरत्यात. मागली चार सालं धरण भरलंच न्हाई, म्हणून कडंकडंनं ऊसबी लावला व्हता. नंबर कुठून आणू? खुणा लिवल्या."

धरणाच्या पोटात मोटारसायकल उतरली. भेगाळलेल्या गाळावर शिंपले चमकत होते. दूरवर ऊन थरथरत होतं, आणि त्या थरथरीत एक मोडकं देऊळ जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यासारखं दिसत होतं. आवाज कसलाच नव्हता. धर्मराजनं गाडी बंद केली तेव्हा त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. ज्या जागेवरून मासे पोहत गेले होते, तिथं तो चपला घालून उभा होता.

एकेका खुणेवर नाना थांबायचे, चारी दिशांना बघायचे आणि काठी रोवायचे. "हितं." धर्मराज बटण दाबायचा. फोनवर एक ठिपका उमटायचा. असं पाच दिवस चाललं.

पाचव्या दिवशी शेवटच्या शेतावर मेंढरं बसलेली होती. त्यांच्यात एक म्हातारी काठीला टेकून उभी होती.

"ही कडूबाई," नाना म्हणाले. "सटवाची बायको. मेंढरं राखून शेतीबी करत्यात."

धर्मराजनं यादी काढली. "मावशी, नोंद सटवाच्या नावावर हाय."

"त्येला जाऊन दोन सालं झाली." म्हातारीनं काठी पुढं सरकवली. दगडांची एक ओळ गाळातून जेमतेम डोकावत होती. "ही आमची भिंत. ह्या घरात मी नवरी म्हणून आलते. मग धरण आलं. पाणी आलं तवा आमी वर गेलो, पाणी गेलं की खाली येतो. ऊस लावला तो मी. खुरपला मी. माझं नाव घाला."

"वारसाचा कागद लागंल, मावशी."

"आणते की."

धर्मराज त्या दगडांच्या आत जाऊन उभा राहिला. कधीकाळी इथं चूल असेल, पाळणा असेल. त्याचा अंगठा उगाच थोडा वेळ बटणावर रेंगाळला. मग ठिपका उमटला. शेताचं नाव काय लिहायचं, असं त्यानं विचारलं. कडूबाईनं विचार केला आणि म्हणाली, "घरातला लिवा."

त्यानं तसंच लिहिलं. नव्या सॉफ्टवेअरनं एकेचाळीसच्या एकेचाळीस शेतं निमूट घेतली.

जुने सहा सर्व्हर त्यानं एका दुपारी स्वतःच्या हातानं बंद केले. एकेक आवाज मिटत गेला. शेवटी एसी थांबला आणि खोलीत अशी शांतता पसरली की धर्मराजला गरगरल्यासारखं झालं. त्यानं पहिल्यांदाच खिडकी उघडली. गरम वारा आत आला. कुठंतरी कुणी धान्य पाखडत होतं, तो आवाजसुद्धा त्याला नीट ऐकू आला. पुढच्या महिन्याचं लाइटबिल पाहून सुंदररावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

पावसाळ्याच्या शेवटी शेवटी धरण भरलं. धर्मराजनं नकाशा उघडला, तर निळ्या पाण्यात एकेचाळीस ठिपके शांत पडले होते. सुंदरराव मागं येऊन उभे राहिले.

"ही शेतं पाण्यात गेली की. काढून टाकायची का?"

"राहू द्या, सायेब. जागा कितीशी लागती!"

सुंदररावांनी खुर्ची ओढली. ते त्या निळ्या रंगाकडं बघत राहिले.

दिवाळीनंतर कडूबाई आली. कारखान्याच्या फाटकातून ती आत येताना रखवालदारानं अडवलं, तर म्हणाली, कॉम्प्युटरवाल्या भाऊकडं काम हाय. पदराच्या गाठीतून तिनं वारसाचा कागद काढला. तलाठ्याचा शिक्का अजून ओलसर वाटत होता.

"मावशी, आता तर तिथं चार पुरुष पाणी हाय," धर्मराज म्हणाला.

"असू द्या. तुमीच म्हणलेता ना, कागद लागंल म्हणून?"

धर्मराजनं नोंद उघडली, सटवाचं नाव पुसलं आणि कडूबाईचं लिहिलं. पडदा तिच्याकडं वळवला. तिला वाचता येत नव्हतं. त्यानं अक्षरावर बोट ठेवून एकेक अक्षर सांगितलं. कडूबाई पुढं वाकून बघत राहिली.

"अन् ह्यो निळा?"

"पाणी."

तिनं मान डोलावली. मग खुर्चीवर नीट टेकून बसली आणि तिनं पाणी मागितलं. धर्मराजनं माठातून तांब्या भरून दिला.