पुढची डावी जागा

ब्रिगिटेच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि त्याचे कोपरे केकच्या बशांखाली दाबून ठेवले होते. बराचसा नकाशा पिवळा-तपकिरी, मधून वळसे घेत गेलेली कोलोरॅडो नदीची निळी रेघ. अमेरिकेतल्या त्या वाळवंटात, आभाळाला टेकलेल्या कड्यांच्या मधून, सप्टेंबरअखेरीस राफ्टनं जायचं होतं. दोन आठवडे. वाटेत गाव नाही, दुकान नाही, फोन लागायचा नाही.

"आणि संडासही नाही," शिरीषनं आठवण करून दिली. "डब्यात भरून परत आणायचं. सगळ्यांचं. वहिनी, ऐकताय ना?"

"ऐकतेय. म्हणून तर केक खाली ठेवला," शैला हळूच म्हणाली.

तिचं सगळं बोलणंच असं हळू. म्युनिकला येऊन बारा वर्षं झाली, पण बसमध्ये तिनं कुणाला "जरा सरका" म्हटलेलं शशिकांतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, कधी ऐकलं नव्हतं.

ब्रिगिटे शाळेतून निवृत्त झालेली खेळाची शिक्षिका. वल्हवणाऱ्यांच्या क्लबची, त्यांच्या भाषेत फेराइनची, ती सर्वेसर्वा आणि नदीचा परवानाही तिच्याच नावावर. राफ्टमध्ये जागा सहा. सुकाणूला ती स्वतः. मग शशिकांत, त्याच्या ऑफिसातला शिरीष, शिरीषची बायको वीणा आणि शैलाची सतरा वर्षांची लेक अन्वी. सहावी जागा अजून कुणाची नव्हती. शैलानं मात्र मनातल्या मनात तिथे आपला रुमाल टाकून ठेवला होता.

ती सांगलीची. कृष्णेत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकली आणि नंतर भोपळा काठावर टाकून पैलतीर गाठलं म्हणून आईचा मारही खाल्ला. लग्न झालं, देश बदलला, नदी सुटली. त्या निळ्या रेघेकडे बघताना तिच्या तळपायांना पाणी लागल्यासारखं होत होतं.

"एकच अडचण आहे," ती म्हणाली. "चातुर्मासात माझं रोज मौन असतं. उठल्यापासून दुपारचा नैवेद्य होईपर्यंत."

ब्रिगिटेनं चष्मा काढला. "म्हणजे सकाळभर एक शब्दही नाही?"

"नाही."

"शायला," तिचं नाव ब्रिगिटे असंच उच्चारायची, "तिकडे दुपारनंतर वारा समोरून येतो. नदीवर असायचं ते सकाळीच. मी आज्ञा देणार आणि प्रत्येकानं ती ओरडून परत म्हणायची, म्हणजे ऐकू आलं हे मला कळतं. जो ओरडत नाही, तो बोटीत नाही." मग जरा मऊ आवाजात, "माझा नियम तुझ्या नियमाइतकाच जुना आहे."

घरी परतताना एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, शशिकांतनं विषय काढला. "अगं, दोन आठवड्यांचा प्रश्न. पुढच्या वर्षी दोन आठवडे जास्त कर. देव काय तारखा तपासत बसणार आहे?"

"देव नाही तपासणार. मी तपासीन."

अन्वी जर्मनमध्ये म्हणाली, "आई, प्लीज. तू नसलीस तर बाबांच्या हातची खिचडी खावी लागेल. तीही वाळवंटात."

शैला हसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. हे व्रत तिनं इथल्या पहिल्याच चातुर्मासात धरलं होतं. भाषा येत नव्हती. दुकानात, शाळेत, शेजारी, सगळे तिला मुकीच समजत. नाहीतरी गप्पच बसायचंय, तर ते देवाच्या नावानं का बसू नये, असं तिला वाटलं. आणि त्या दिवसापासून ती गप्प बसलेली नव्हती. तिनं मौन धरलेलं होतं. तो फरक तिला जपायचा होता. आणि नदीही हवी होती. दोन्हींपैकी एक सोडायला तिचं मन तयार होईना.

शनिवारी संध्याकाळी तिनं ब्रिगिटेला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्युनिकजवळच्या आउग्सबुर्गच्या कालव्यावर सगळ्यांची परीक्षा होती. खास वल्हवण्यासाठी बांधलेला, खळाळत्या पाण्याचा कालवा.

"मला एक फेरी द्या," शैला म्हणाली. "त्यानंतरही मी नको वाटले, तर दोन आठवड्यांचा शिधा बांधून देईन आणि विमानतळावर टाटा करीन."

"आल्झो गूट, चालेल," ब्रिगिटे म्हणाली. "पहिली फेरी तुझ्याशिवाय. दुसरी तुझ्यासह. एकच."

रविवारी ऊन लख्ख होतं आणि पाणी बर्फासारखं गार. पाच जण हेल्मेट चढवून राफ्टमध्ये बसले. काठावर शैला उभी. कपाळावर कुंकू, अंगात लाइफ जॅकेट, ओठ मिटलेले.

"वहिनींना बघून कालवाच घाबरला," शिरीष म्हणाला. वीणानं त्याला वल्ह्यानं ढोसलं.

राफ्ट सुटली. पहिल्या वळणापर्यंत ब्रिगिटेच्या आज्ञा आणि चौघांचे प्रतिसाद छान ऐकू येत होते. मग पाण्याचा उतार लागला आणि त्याच्या गर्जनेत सगळे आवाज बुडाले. ब्रिगिटेचं तोंड उघडताना-मिटताना दिसत होतं, एवढंच. पुढे बसलेली अन्वी वल्हवत राहिली, शिरीष थांबला, राफ्ट आडवी फिरली आणि मागची बाजू पुढे झाली. कालव्याच्या मधोमध सिमेंटचा ठोकळा होता. तो ब्रिगिटेच्या पाठीमागे आला. तिला तो दिसेना. काठावरून शैलाला स्वच्छ दिसत होता.

हाक तिच्या घशापर्यंत आली. मारली असती तर देव रागावला नसता, हे तिला ठाऊक होतं. पण ब्रिगिटेचा शाळेच्या मैदानावरचा आवाज पोचत नव्हता, तिथे तिचा काय पोचणार?

तेवढ्यात गोंधळलेल्या अन्वीनं काठाकडे बघितलं. चातुर्मासात दर सकाळी घरात काही सुचेनासं झालं की ती आईच्या हातांकडे बघायची, तशीच.

शैलानं हात वर केला. लेकीकडे बोट करून हवेत चमचा ढवळल्यासारखं जोरजोरात फिरवलं. दूध लागेल, ढवळत राहा! मग नवऱ्याकडे बघून तळहात खाली दाबला. गॅस बंद करा! आणि हात लांब करून बोटं अशी झटकली, की घरात त्याचा अर्थ एकच होता: बाल्कनीतले कपडे काढा, पाऊस आला, पळा तिकडे!

बारा वर्षांची सवय. अन्वीचं वल्हं विचार न करता पाण्यात शिरलं. शशिकांतनं आपलं वल्हं वर उचललं. राफ्ट गर्रकन फिरली, ठोकळ्याला नुसती घासली आणि शैलाच्या हाताच्या दिशेनं मोकळ्या पाण्यात सुटली. एवढ्यात शिरीष तोल जाऊन पाण्यात पडला, ही गोष्ट निराळी.

खाली संथ पाण्यात शिरीषला वर ओढून सगळे थांबले. शैला धावत पोचली. ब्रिगिटेच्या केसांतून पाणी गळत होतं.

"तू माझ्याकडे बघत नव्हतीस," ती अन्वीला म्हणाली.

"नाही. आईकडे."

"ती काय म्हणाली?"

"दूध ढवळ म्हणाली," अन्वी म्हणाली. मराठीत म्हणाली, मग स्वतःच हसत जर्मनमध्ये सांगितलं.

ब्रिगिटेनं राफ्टमधल्या पुढच्या डाव्या जागेवर थाप मारली. तिथून समोरचं पाणी आधी दिसतं आणि तिथे बसलेल्याचा हात मागच्या सगळ्यांना दिसतो. अन्वी उठून मागे सरकली. राफ्ट पुन्हा कालव्याच्या वरच्या टोकाला नेली आणि शैला तिथे बसली.

पाणी समोरून आलं तेव्हा ते कृष्णेसारखं मुळीच नव्हतं. रागीट होतं, हिरवंगार होतं. पण पाणी कुठे दुभंगतं, कुठे खाली ओढतं, हे पायांना कळलं. तिचा हात वर गेला, ढवळला, दाबला, झटकला. मागून पाच जण तिच्या हातानुसार वाकत होते. ठोकळा हातभर अंतरावरून निघून गेला.

पैलतीर गाठल्यावर व्हायचं तसं तिला झालं. ओरडावंसं वाटलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि ओलं वल्हं कपाळाला लावलं.

दुपारी काठावरच्या गवतात तिनं छोटा बाळकृष्ण मांडला, डब्यातल्या शिऱ्याभोवती पाणी फिरवलं. सगळे वाट बघत होते. ब्रिगिटेसुद्धा हात जोडून. नमस्कार करून शैलानं तोंड उघडलं.

"शिधा मी माझ्या हातानं बांधणार. मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, वरई. ज्या डब्यात ते जाईल, त्याच्या आसपास तुमचा तो दुसरा डबा दिसता कामा नये."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ब्रिगिटे म्हणाली. "आणि तुझ्या खुणा सगळ्यांना शिकव. नियम बदललाय. जो बघत नाही, तो बोटीत नाही." तिनं शिऱ्याचा घास घेतला आणि हवेत बोट ढवळून बघितलं. "असं?"

"जरा जोरात. करपेल."

तिसऱ्या फेरीला कुणाचीच हरकत नव्हती. दुपार झाली होती, मौन सुटलं होतं. उतार आला, राफ्टचं नाक वर उचललं गेलं, आणि शैलानं हातानं खूण केली ती केलीच, पण सांगलीच्या घाटावरून पलीकडच्या काठाला मारावी तशी एक लांबलचक आरोळीही ठोकली. त्या गर्जनेतही ती शेवटपर्यंत ऐकू आली.

"वहिनी," शिरीष कानातलं पाणी झटकत म्हणाला, "हा आवाज बारा वर्षं होता कुठे?"

"वल्हं उचला, भावजी," शैला पुढे बघतच म्हणाली. "अजून एक वळण आहे."